झिरो ट्रॅफिकवाली साईट

टूजी लॉक करून वीस मिनिटं झाली नव्हती, तोवर टॉवरच्या जाळीपाशी एक बाई येऊन उभ्या राहिल्या. धाप लागली होती.

"भाऊ, तुमी काय बंद केलं का?"

"कावून, काकू? काय झालं?"

"मोटर लागंना."

मोटरचा आणि माझा काय संबंध, असं मनात आलं. मी मोबाईल कंपनीचा फील्ड इंजिनिअर. अब्बा परळीला मोटर रिवाइंडिंग करायचे, त्यामुळं मोटर मला कळते. पण वडवणीच्या पुढच्या त्या गावात मी वेगळ्याच कामाला गेलतो. कंपनीला टूजी, म्हणजे साध्या बटनांच्या फोनचं जुनं नेटवर्क, उठवून फाईव्हजी बसवायचं होतं. हवेतली जागा ठरलेली असते, जुनं उठल्याशिवाय नव्याला मिळत नाही. ज्या टॉवरच्या साईटवर टूजीचं ट्रॅफिक, म्हणजे बोलण्याची मिनिटं, शून्य, ती यादीत वर. ही सगळ्यात वर होती. दोन तास ट्रायल लॉक करायचं, म्हणजे तात्पुरतं बंद ठेवायचं, तक्रार आली नाही की कायमच्या बंदवर सही ठोकायची, एवढंच माझं काम.

मी काकूंच्या हातातल्या स्मार्टफोनकडं बोट केलं. "फोन तर चालू हाय की तुमचा."

"माझा चालू हाय हो. मोटरचा लागंना."

मग ट्यूब पेटली. विहिरीवर स्टार्टरच्या पेटीत एक खोका असतो, त्यात सिम. घरून मिस्ड कॉल दिला की मोटर सुरू. सुरू झाली की खोका उलटा मिस्ड कॉल देतो. हे जुने खोके टूजीवरच चालतात. दोन्हीकडून फोन कुणी उचलतच नाही, मग मिनिटं कुठून येणार? आमच्या रिपोर्टात ठणठणीत शून्य.

"विहिरीवर जाऊन बटन दाबलं तर?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

"वढ्याच्या पल्याड हाय विहीर," काकू तडकल्या. "आमच्या ह्यांचं अर्धं अंग गेलंय. कूस बदलायला माणूस लागतं. लाईट दहादा जाती, दहादा येती. दहादा विहिरीवर पळू का त्यांच्यापाशी बसू? आता बी एकट्यालाच टाकून आले."

मला लाज वाटली, खरं सांगतो. लॉक काढलं. काकूंनी मिस्ड कॉल दिला, थोड्या वेळात खोक्याचा उलटा आला. आल्या तशाच त्या लगबगीनं घरी गेल्या. नाव तेवढं विचारून घेतलं. सुलोचनाकाकू.

बीडला ऑफिसात येऊन दुसरा रिपोर्ट काढला. कुणालाही कॉल आला की नेटवर्क त्या नंबरला हाक मारतं, आणि तो नंबर ज्या टॉवरखाली असेल तिथून ओ देतो. ही ओ मिनिटांत धरत नाहीत, पण तिची नोंद होते. झिरो ट्रॅफिकवाल्या त्या साईटचा ग्राफ दिवसभर सपाट होता. शेतीची थ्री-फेज लाईट यायच्या वेळेला मात्र तो सरळ उभा चढला होता. गावातल्या झाडून सगळ्या विहिरी एकदम ओ देत होत्या. असला ग्राफ मी सगळ्या नोकरीत पाहिला नव्हता.

पुण्याच्या मॅनेजरसाहेबांना फोन लावला.

"शफीक, एका बाईच्या मोटरसाठी प्लॅन अडवतोस?"

"एका नाही सर, अख्ख्या शिवाराच्या. लाईट यायच्या वेळेचा ग्राफ बघा."

"मिस्ड कॉलमध्ये आपल्याला मिळतं काय?"

"सर, त्या खोक्यात आपलं सिम आहे म्हणून घरातले सगळे फोन आपल्याकडं आहेत. खोका मुका झाला की सगळं घर दुसऱ्या कंपनीत जाईल. फाईव्हजी मग कुणाला दाखवणार?"

ते म्हणाले, "सही नाही केलीस तर तुझ्यावर येईल."

"येऊ द्या सर. माझ्या सहीनं हे होणार न्हाई."

संध्याकाळी मेल आला: उपाय लिहून पाठव. मी लिहिलं. टूजीची एक बारीक पट्टी ठेवा, बाकीची जागा फाईव्हजीला द्या. फोरजीचे खोके बसले की पट्टीही काढा. मंजूर झालं. पुढं जिल्ह्यातल्या प्रत्येक साईटच्या फॉर्मात एक रकाना वाढला: विहिरीचे खोके तपासले का? तो रकाना माझा आहे, आणि हे मी कुणालाही छाती काढून सांगतो.

खोके बदलायला बरेच महिने गेले. शेवटचा सुलोचनाकाकूंचा राहिला. तो बसला त्या दिवशी मी टॉवरखाली लॅपटॉप उघडून त्यांना फोन केला.

"काकू, जुनं बंद करू का?"

"थांबा. ह्यांना पाणी पाजते अन् मग मोटर लावून बघते."

थांबलो. पुण्याहून दोनदा फोन आला, उचलला नाही. पंधरा मिनिटांनी काकूंचा फोन आला. "लागली बघा. उठावं न्हाई लागलं. करा आता बंद."

केलं. कागदावर मंजुरी मॅनेजरसाहेबांच्या नावानं आहे. असू दे. साईट काकूंनी सांगितल्यावर बंद झाली.