आजचा शब्द: गेस्ट

मंडळी, सकाळपासून कशातच लक्ष लागत नाहीये.

इथे न्यूझीलंडमध्ये, टाकानिनीत, मी दर गुरुवारी सकाळी लायब्ररीत चिनी आजी-आजोबांना इंग्रजी शब्द शिकवते. मी सोपा अर्थ सांगते, ते चिनीत लिहून घेतात आणि मग प्रत्येकाने स्वतःचं एक वाक्य करायचं.

आजचा शब्द होता गेस्ट. अर्थ सांगितला, आपण ज्याला घरी बोलावतो तो.

मेईआजी दोन वर्षांपासून मुलाकडे राहतात, माझ्या घराच्या मागच्याच रस्त्यावर. त्यांनी जुळवून जुळवून वाक्य केलं, "इन न्यूझीलंड, आय वॉज नेव्हर अ गेस्ट."

वाक्य बरोबर होतं, म्हणून मी सवयीने "व्हेरी गुड" म्हणून मोकळी झाले. अर्थ डोक्यात शिरला तेव्हा पुढच्या आजोबांची पाळी आली होती.

क्लास संपल्यावर त्यांना म्हटलं, उद्या चहाला या. त्यांनी माझा हात हातात घेतला. "टुमॉरो, चायना. नॉट कम बॅक."

गुरुवारी भेटतोच की, म्हणत मी दोन वर्षं घालवली. तुमच्या रस्त्यावर असं कोण आहे, ज्यांना तुम्ही नुसता "किया ओरा" असा इथला नमस्कार करून पुढे जाता?