वाघदेवाचं कोंबडं आणि पंचशील

रत्नमालाताईंच्या बैठकीत पहिल्यांदा ध्यानाला बसले, तेव्हा डोळे मिटल्या मिटल्या मी गोदामाईला नवस बोलले: माझं मन शांत होऊ दे, खणानारळाने ओटी भरीन. ताईंना सांगितलं तर त्या हसल्याच. "वहिनी, काही मागू नका हे मी शिकवतेय, आणि तुम्ही तेच मागून घेताय?"

मन निम्मंच शांत झालं. ओटी मात्र मी पूर्ण भरली.

पंचवटीतल्या त्या गुरुवारच्या बैठकीचे किस्से असे साचत गेलेत, देवघरात उदबत्तीची राख साचते तसे. पुसून टाकावेत असं काही वाटत नाही. नव्वदच्या दशकातली गोष्ट. आम्ही चौघी. रत्नमालाताई बौद्ध, त्या शिकवायच्या. त्यांच्या शेजारच्या सुमनकाकू आणि मी, दोघी उपासतापासवाल्या. चौथी हिराबाई, पेठकडच्या डोंगरातली, नवऱ्याच्या नोकरीपायी नाशकात आलेली. तिचा देव वाघदेव.

*

आणि हिराबाईच मोठ्या पेचात सापडली. श्रावणात तिचा मुलगा तापाने फणफणला, तेव्हा तिने वाघदेवाला कोंबडं बोललं. मुलगा खडखडीत बरा झाला. पुढे बैठकीत आम्ही पंचशील म्हणायला लागलो. त्यातलं पहिलंच शील, जीव घेणार नाही. आम्ही ते म्हटलं. हिराबाईने ते घेतलं.

मग दिवाळी जवळ आली, म्हणजे वाघबारसही, वाघदेवाचे नवस फेडायचा दिवस. भावाचा निरोप आला, कोंबडं घेऊन ये, नाहीतर गावात पाऊल टाकू नको, देव कोपला तर गुरं आमची जातील. सुमनकाकू म्हणाल्या, दोन्हीतलं एक सोडून दे की.

हिराबाई म्हणाली, "दोन्ही शब्द मीच दिलेत. मोडायची एकबी नाय."

*

तिला एक सोडायला सांगणाऱ्या काकूंची स्वतःची तऱ्हा ऐका. ताईंनी एकदा दिवसभराची साधना ठेवली. नियम असा, की दुपारी बारानंतर दुसऱ्या दिवशी सूर्य उगवेपर्यंत जेवायचं नाही. नेमकी संकष्टी. काकूंचा नियम असा, की चंद्रोदयाआधी जेवायचं नाही. आता हिशेब करा, बाईने जेवायचं कधी?

काकू जेवल्याच नाहीत. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता ताईंचा फोन वाजला. "अहो, सूर्य उगवलाय, पण चंद्रही अजून वर दिसतोय. खाऊ का?"

"खा हो काकू," ताई म्हणाल्या, "दोघंही हजर आहेत."

*

ताईंचे यजमान, आम्ही त्यांना साहेब म्हणायचो, ओझरच्या कारखान्यात होते. शिस्तीचा माणूस. त्यांच्या घरात मूर्ती नाही, हळदीकुंकू नाही, हे पक्कं ठरलेलं, आणि आम्हीही ते पाळायचो. गॅलरीत कुंडीतला एक पिंपळ तेवढा होता, त्यांनीच बोधिवृक्ष म्हणून लावलेला. हिराबाई आली की आधी त्या पिंपळाशी बोलायची. मुलाचा ताप, भावाचा राग, सगळं त्याला सांगायची.

एकदा साहेबांनी तिला विचारलं, झाड काय ऐकतंय होय?

"तुम्ही कोणाला सांगता मग?" हिराबाईने उलट विचारलं.

पुढच्या गुरुवारी आम्ही लवकर पोचलो, तर साहेब पाण्याचा तांब्या घेऊन कुंडीपाशी उभे. पाणी घालून कधीच झालेलं होतं, आणि ओठ हलत होते.

*

मैत्रीभावना शिकवताना ताईंनी सांगितलं, सगळ्या प्राणिमात्रांचं भलं चिंतायचं.

काकूंनी विचारलं, "आमच्या जाऊबाई धरून?"

"धरूनच."

काकूंनी मांडी मोडून पुन्हा घातली. "मग मी पुढच्या गुरुवारपासून सुरू करते. आज नुसता श्वास बघते."

*

आणि वाघबारस आलीच. हिराबाई म्हणाली, मी जाणार. मग तिला एकटीला कसं सोडायचं? आम्ही चौघी जीपमध्ये बसलो. कोंबडा सुमनकाकूंच्या मांडीवर.

वाटेत हिराबाईने तिकडची रीत सांगितली. कोंबडा देवापुढे ठेवायचा, समोर दाणे टाकायचे. त्याने दाणा टिपला, की देवाने कोंबडा घेतला. मगच तो कापायचा. नाही टिपला, तर देवाला नको, आणि नवस फिटला.

काकूंनी पिशवीतून बाजरीची पुरचुंडी काढली आणि पेठचा घाट संपेपर्यंत कोंबड्याला मुठीमुठीने चारत राहिल्या. "लांबचा प्रवास आहे बिचाऱ्याचा," एवढंच म्हणाल्या.

वाघ, चंद्र, सूर्य कोरलेली, शेंदूर फासलेली लाकडी फळी, तो वाघदेव. समोर म्हातारा भगत, देवाचा पुजारी. बाजूला हिराबाईचा भाऊ, कोयता घेऊन. हिराबाईने नारळ ठेवला, कोंबडा ठेवला, आणि तिथेच मांडी घालून डोळे मिटले. तिच्यामागे आम्ही तिघीही तशाच, मी मात्र एक डोळा किलकिला ठेवलेला.

भगताने दाणे टाकले. कोंबडा उभा. पुन्हा टाकले. कोंबड्याने मान फिरवली. भगताने कोंबड्याच्या गळ्याखालच्या फुगलेल्या पिशवीवरून सावकाश हात फिरवला. मग आमच्याकडे बघितलं, एकेकीकडे.

"देवाला नको हाय," तो हिराबाईच्या भावाला म्हणाला. "पोरीचा नवस फिटला. कोयता ठेव, पाहुण्यांना चहा सांग."

तुम्हीही एवढं करा. एखाद्या मैत्रिणीचे दोन शब्द एकमेकांना आडवे आले, तर कुठला मोडायचा ते तिला सांगत बसू नका. तिच्याबरोबर जा. आणि वाटेत कोंबड्याला पोटभर जेवू घाला.