घोडा छाप आत्या

ठाण्याच्या खाडीकाठी आजवर जेवढे म्हणून मर्द जन्मले, त्या सगळ्यांत आमची आत्या पहिली! हसा खुशाल. तरुणपणी विधवा झाली, दिरांच्या नाकावर टिच्चून नवऱ्याचं मिठागर चालवलं, आईबापामागं मला वाढवलं, आणि हे सगळं तोंडातली सिगारेट न विझवता. विडी तर मिठागरावरच्या कितीतरी बाया ओढत, त्याचं कुणाला काही नव्हतं. आत्याला मात्र घोड्याचीच सिगारेट लागे. टेंभी नाक्यावरच्या पाटीवर मिशीवाला घोडेस्वार रंगवलेला, खाली ‘मर्दांची निवड’. शेजारच्या पाटीवर गुलाबी पाकीट धरलेली गोरीपान बाई आणि ‘नाजूक ओठांसाठी’. पानवाल्यानं बिचाऱ्यानं एकदा सुचवून पाहिलं, ‘आत्याबाई, तुम्हाला ती गुलाबी शोभेल.’ आत्यानं एक झुरका मारला नि म्हणाली, ‘ही काय उदबत्ती हाय? देवापुढं लाव.’ लोकलाजेस्तव तो मग घोड्याचं पाकीट कागदात गुंडाळी आणि मोठ्यानं विचारी, ‘भावासाठी ना?’ ‘भाऊ तपकीर वढतो. ही मना पायजे!’ आत्या त्याहून मोठ्यानं सांगे. मला तर तेव्हा छाती फुगवून चालावंसं वाटे.

माझ्या लग्नाच्या वेळी मात्र घरादाराचं धाबं दणाणलं. डोंबिवलीची मुलगी मला फार आवडली होती, पण तिचे वडील कचेरीतले, शिस्तीचे. ‘आत्याला नेऊ नकोस,’ काका, म्हणजे तिचा तो तपकीरवाला भाऊ, म्हणाले. ‘मग मीही येत नाही,’ मी म्हटलं. झालं, आत्या आली. पोहे संपले आणि वडिलांनी विषय काढलाच. ‘ऐकतो ते खरं का हो? आणि ओढायचीच, तर बायकांची तरी ओढावी! घोड्याची म्हणजे...’ बोलता बोलता त्यांनी सवयीनं खिशातून पाकीट काढलं. गुलाबी!

‘मंग तुमी ही कशी वढता?’ आत्यानं विचारलं.

‘घशाला सोसते,’ ते पुटपुटले. दाराआडून मुलीचं हसू फुटलं. वडील असे काही लालेलाल झाले की म्हटलं, संपलं, मोडलं आपलं लग्न! आत्यानं एकदा माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग कनवटीचं पाकीट काढून त्यांच्यापुढं ठेवलं. ‘व्याही, आजपासून बंद. शब्द देते. पोरगी द्या.’ अहो, जी दिरांपुढं कधी वाकली नाही, ती माझ्यासाठी वाकली.

लग्न झालं. आत्यानं शब्द पाळला. कसा पाळला ते आम्ही दोघांनी पाहिलंय. जेवण झालं की दोन बोटं आपसूक ओठांशी जात आणि तशीच खाली येत. काही वर्षांनी सासरे वारले. मला आत्याचं ते बघवेना. दिवसकार्य उरकल्यावर एका संध्याकाळी मीच घोड्याचं पाकीट आणून तिच्या हातात दिलं. ‘ओढ गं आता. ज्यांना शब्द दिलास, ते तर गेले.’

तिनं पाकीट नाकाशी नेलं, डोळे मिटून वास घेतला आणि माझ्या खिशात परत घातलं.

‘ते गेले रं. मी हाय ना अजून.’