आगवाल्याची बायको

जहाजांचं कौतुक माझ्यासमोर करायचं नाही, असं मी घरात सगळ्यांना बजावून ठेवलंय. पुस्तकं मी कमी वाचलेली नाहीत. इतिहासात जहाज आलं की राजा असतो, आरमार असतं, तोफा असतात. कादंबरीत आलं की कप्तान असतो, वादळ असतं, कुठलंसं बेट असतं. पण अगदी तळाशी, बॉयलरच्या तोंडाशी उभा राहून कोळसा मारणारा आगवाला कुणाचा कोण होता, हे कुणी लिहीत नाही. आणि जहाजावरच्या माणसाची घरी वाट बघणारी बायको? ती मला एवढ्या वाचनात एकाच ठिकाणी भेटली, आपल्या पूजेच्या कथेत. तिथंही बिचारीला आणलंय ते दोष द्यायला.

कथा सगळ्यांना तोंडपाठ असते. वाण्याचा जावई जहाज घेऊन परत येतो, त्याची बायको आनंदाच्या भरात प्रसाद न घेताच बंदरावर धावते, आणि देव कोपून नवऱ्यासकट जहाज बुडवतो. मग ती घरी जाऊन प्रसाद खाते तेव्हा जहाज वर येतं. लहानपणी मला ही गोष्ट फार आवडायची. आता कुणाकडे पूजेला गेले आणि हा अध्याय सुरू झाला, की मी उठून स्वयंपाकघरात जाते.

माझा थोरला भाऊ आगवाला होता. मुळशीचा माणूस आणि जहाजावर! पण त्यात नवल काही नव्हतं. चांगली भातखाचरं धरणाच्या पाण्याखाली गेलेली, वर उरला तो नाचणी-वरीचा माळ. पोरं मुंबई गाठायची, कुणी गिरणीत, कुणी गोदीत. दादा गोदीत ओझी उचलता उचलता एक दिवस जहाजावरच चढला. वर्षा-दीड वर्षानं घरी यायचा. हातावर भाजल्याचे डाग, आणि बोलायला लागला की कुठल्या कुठल्या बंदरांची नावं. तो चौथीपर्यंत शिकला होता, त्यामुळे पत्रं स्वतःच लिहायचा. वरच्या कोपऱ्यात तारीख, खाली "सर्वांस नमस्कार". वहिनीचं नाव कधीच नसायचं, लाज वाटायची त्याला. शेवटी एवढंच लिहायचा, "घरातल्या मंडळींनी तब्येतीस जपावे." त्या ओळीला वहिनीचे कान लाल व्हायचे.

घरात वाचता येणारी मी एकटी. बारा वर्षांची होते, पण थाट असा की विचारू नका. पत्र आलं की आधी हात धुवायचे, मग ओट्यावर बसायचं, आणि वहिनी म्हणायची, "वन्सं, वाचा की! किती अंत बघताय?"

त्या श्रावणात शेजारच्या घरी पूजा होती. आरती झाली, शिऱ्याचं ताट फिरायला लागलं आणि बाहेरून पोस्टमनची हाक आली. पौडावरून चिखल तुडवत तो आठवड्यातून दोनदाच यायचा. वहिनी ताडकन उठली. तिच्या पुढ्यात द्रोण आला होता, तो तसाच. बायका ओरडल्या, "अगं, परसाद तरी घे!" पण ऐकतंय कोण? भर पावसात पळाली. पत्र दादाचंच होतं, दिवाळीला येतो म्हणून. तिकडे द्रोण कुणीतरी पोरांना देऊन टाकला.

पुढं महिन्याभरानं कंपनीचा इंग्रजी कागद आला. आमच्या शाळेतल्या गुरुजींनी वाचला आणि मागच्या बाजूला मराठीत उतरवून दिला. अमुक तारखेला सकाळी हा माणूस जहाजावर सापडला नाही. समुद्रात पडला असावा.

आईनं हंबरडा फोडला आणि त्या भरात बोलून गेली, "परसाद लाथाडलास गं! माझं पोर बुडवलंस!" वाईट नव्हती माझी आई. शुद्धीत असती तर बोलली नसती. पण वहिनीनं ते शब्द असे धरले की सुटेनात. जेवण तोडलं. विचारलं तर एकच, "माज्यामुळं बुडालं." तिनंच हट्ट करून आमच्या घरी पूजा घातली. कुंकू पुसायला आलेल्या बायकांना तिनं, "परसाद खाल्ल्याबिगर पुसू देनार न्हाई," म्हणून उंबऱ्यातूनच परत पाठवलं होतं. पूजेच्या दिवशी तिनं दोन्ही हातांनी शिरा खाल्ला, रडत, ठसका लागेपर्यंत.

आणि चौथ्या दिवशी दादाचं पत्र आलं.

मी कोपऱ्यातली तारीख आधी बघितली. कंपनीच्या कागदातल्या तारखेच्या पंधरा दिवस आधीची होती. कुठल्या तरी बंदरात टाकलेलं पत्र फिरत फिरत उशिरा आलं होतं, बास. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, विचारलं, "तारीख कंदीची हाय?" माझ्यासमोर वहिनी उभी होती. पंधरा दिवसांत गालफडं बसली होती तिची. ती नुसती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मी कंपनीच्या तारखेच्या पुढच्या महिन्यातली तारीख सांगितली.

"आलं गं वर!" वहिनी ओरडली. "जहाज वर आलं!" आईनं तिला पोटाशी धरलं, चुकले म्हणाली. त्या दुपारी वहिनी भाकरी खाऊन झोपली. मला वाटलं, मी केवढं पुण्य केलं!

आबा मुंबईला कंपनीत जायला निघाले, तेव्हा मला भीती, की तिथं कुणी पत्रावरची तारीख वाचेल. पण वहिनी पत्र हातातून सोडायला तयार नव्हती. आबा पत्राशिवायच गेले. तिथला कारकून म्हणाला, काही माणसं बंदरात उतरून पळतात, तिकडेच संसार थाटतात, आमचा काय इलाज? झालं. माझ्या खोट्याला मुंबईचा शिक्का बसला.

त्यानंतर सांगायचं राहून गेलं. आज सांगू, उद्या सांगू. दिवाळी गेली, होळी गेली. दुसऱ्या वर्षी वहिनीचा भाऊ आला. आमच्यात बाईचा पाट लावायची, म्हणजे दुसरं लग्न करून द्यायची रीत होती, आणि मोशीकडचा एक भला विधुर तयार होता. वहिनी म्हणाली, "नवरा जित्ता हाय माजा." भाऊ हात जोडून परत गेला. मी चुलीपाशी बसून लाकडं सारत होते. तेव्हा तरी तोंड उघडायला हवं होतं मी! पण आबांचा मार आठवला आणि गप्प बसले. भित्री होते, दुसरं काय.

हळूहळू गाव बोलायला लागलं. "तिकडं मडम केली असंल त्यानं." वहिनी आधी भांडायची. मग भांडेनाशी झाली. आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, की धरणाचं पाणी बोगद्यातून कोकणात उतरतं, वीज करतं आणि समुद्राला मिळतं. वहिनी काठावर धुणं धुवायची आणि मधेच पाण्यात थुंकून म्हणायची, "जा, बस त्याच्या तोंडावर." अशा अशा शिव्या द्यायची की मी कानांवर हात ठेवायची. हसणारी पोरगी होती हो ती. डोळ्यांदेखत कडू जहर झाली.

माझं लग्न होऊन मी सासरी गेले. सुटले म्हणाले, खरं सांगते.

पुढं गावोगाव प्रौढांचे वर्ग निघाले. आमच्या गावातही बायका संध्याकाळी पाट्या घेऊन देवळात बसायला लागल्या. मी पंचमीला माहेरी आले तेव्हा वहिनी दारातच म्हणाली, "वन्सं, मला वाचता येतंय आता." मी म्हटलं, अगं वा! तिनं आत नेलं आणि दोन कागद माझ्यासमोर ठेवले. दादाचं पत्र आणि कंपनीचा कागद, गुरुजींच्या अक्षराची बाजू वर.

तिनं बोट ठेवून दोन्ही तारखा वाचल्या, एकेक आकडा सुटा. मग महिन्यांची नावं.

"ह्यातला आदी कंचा येतो, वन्सं? मला नीट कळंना."

"हा आधी," मी म्हटलं. "दादाचा."

तिनं बोट दादाच्या तारखेवर नेऊन ठेवलं. मी भडाभडा बोलायला लागले, तू जेवत नव्हतीस, मरशील असं वाटलं, तुझ्यामुळं बुडालं असं तुझ्या डोक्यात बसलं होतं, म्हणून...

"माज्यामुळं मेला, येवढंच व्हतं न्हवं?" ती म्हणाली. "रडले असते. सोसलं असतं." मग कागदावरचं बोट न उचलता म्हणाली, "त्यानं मला टाकली, असं वाटत हुतं मला. पाच वर्सं मेलेल्या मानसाला शिव्या घातल्या मी."

त्या दिवशी ती पहिल्यांदा दादासाठी रडली. मी जवळ सरकून तिच्या पाठीवर हात ठेवला. तिनं तो झटकला.

"तू मला शिवू नगंस," म्हणाली.