गुरुजीचं कोहळं

महागावात फवारणीचे पंप दुरुस्त करणारा एक माणूस माझ्यासारखाच दर रविवारी चर्चला येतो. देवाजवळ त्याचं मागणं नसतंच. नुसते उपकार मानतो, तेही एकेका गोष्टीचं नाव घेऊन, मोठ्यानं. भर उन्हाळ्यात पंप उघडता उघडता मध्येच डोळे मिटतो, "बापा, बसाले लिंबाची सावली देल्ली, उपकार." पावसाळ्यात घराचा जो कोपरा गळत नाही त्याचे, थंडीत बायकोनं शिवलेल्या गोधडीचे. आधी मला हे जरा जास्तच वाटायचं.

यंदा सोयाबीनच्या सोंगणीत पाऊस थांबलाच नाही. सुगीच्या उपकारस्तुतीला आपल्या वावरातलं पीक वेदीपुढे ठेवायची आमची रीत. माझं सारं सडलेलं. लाजेखातर मी बाजारातून एक भलंमोठं कोहळं विकत आणलं आणि मुकाट्यानं ठेवून दिलं.

तो आपल्या एकरभर तुकड्यातल्या काळ्या पडलेल्या, कोंब फुटलेल्या शेंगा घेऊन आला.

"हे कायले आणलं गा?" मी हळूच विचारलं.

"हेच झालं ना, गुरुजी. लेकरू बिमार असलं म्हणून काय शेजाऱ्याचं घेऊन येतो देवापुढं?"

मग प्रार्थनेत त्याचा आवाज चढला, "आन बापा, एवढ्या पान्यातही आमच्या गुरुजीच्या वावरात हे कोहळं पिकवलं, त्याचे मोठे उपकार."

सगळे आमेन म्हणाले.