नाक दाबून प्या

उमरग्याच्या अलीकडं, हायवेपासून आत असलेल्या एका गावात शिवगंगाचं घर आहे. घरी नवरा गुरुलिंग, थोडी शेती, दोन म्हशी. शिवगंगाला पहिल्यापासून बोलायची हौस. जिच्याजवळ बसेल तिला हसवल्याशिवाय ती उठायची नाही. फोन हातात आला तशी ती स्वयंपाकाचे व्हिडिओ टाकू लागली. हुलग्याचं माडगं, अंबाडीची भाजी, ज्वारीची कडक भाकरी, सगळं मोठ्या मायेनं करून दाखवायची. बघणारी मात्र माहेरची चार माणसं, तीही भिडेखातर.

मग तिनं वजन उतरवलं. गुडघे धरायला लागले म्हणून ती रोज शेतापर्यंत चालत जाऊ लागली, गोड चहा आणि बाजारचं फरसाण सोडलं, रात्रीचं जेवण निम्म्यावर आणलं. त्याच दिवसांत कुणाचं तरी बघून ती सकाळी दुधीचा रसही प्यायची. व्हिडिओ करताना तिनं चालण्याचं नावसुद्धा घेतलं नाही. चालण्यात दाखवण्यासारखं काय असतं? तिनं हिरवागार रस पेल्यात ओतला, घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि म्हणाली, "कडू लागला तर नाक दाबून प्या बायांनो! जेवढा कडू, तेवढी चरबी पळती!"

खरं तर तिचा रस कधीच कडू लागला नव्हता. लोकांना हसू यावं म्हणून ती तसं बोलली. पण तो व्हिडिओ कुठल्या कुठं पोचला. ओळखीपाळखीच्या नसलेल्या बाया तिला विचारू लागल्या, ताई, रस उपाशीपोटी घ्यायचा का, मीठ चालंल का. ती प्रत्येकीला उत्तर द्यायची, जाणत्या माणसासारखं.

शेजारच्या धुरपदाकाकूंना तिचं लई कौतुक. साठी ओलांडलेली बाई, अंगानं जड, डॉक्टरांनी वजन कमी करा म्हणून बजावलेलं. "लांबलांबच्या बाया तुझं ऐकत्यात, म्या तर भिंतीपलीकडची," असं म्हणत त्यांनी परसातल्या वेलाचे दुधी मिक्सरमधून काढायला सुरुवात केली.

उन्हाळा चढला. बोअर आटला, वेल सुकत आला, तरी एखादा दुधी धरायचा. एका सकाळी काकूंच्या घरातून ओरडा ऐकू आला आणि शिवगंगा धावली. काकू न्हाणीशी बसून ओकत होत्या. ओकारीत रक्त होतं. त्यांचा मुलगा इंद्रजित गाडी आणायला पळाला होता.

ओट्यावर मिक्सरचं भांडं तसंच पडलं होतं. शिवगंगानं तळाशी राहिलेला रस बोटानं चाटला. जीभ वळली. त्यापुढं कारलं गोड म्हणावं, असा तो कडूपणा. ती थुंकली, आणि पुढं तिनं जे केलं ते आजही तिला आठवायला नको वाटतं. तिनं ते भांडं विसळलं आणि पालथं घातलं.

"काय झालं असंल, वहिनी?" गाडीत इंद्रजितनं विचारलं.

"ऊन बाधलं असंल," ती म्हणाली.

उमरग्याच्या दवाखान्यात काकूंना सलाईन लावलं. बीपी पार खाली गेलं होतं. तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "सकाळपासून पोटात काय गेलंय?"

"नुसता चहा," इंद्रजित म्हणाला. त्याला तेवढंच ठाऊक होतं.

काकूंना बोलायचं त्राण नव्हतं. डॉक्टरीणबाई दुसऱ्या खाटेकडं वळल्या. शिवगंगा भिंतीला टेकून उभी होती. आपण बोललो तर गावात तोंड दाखवायला जागा उरणार नाही, हे तिला कळत होतं. काकूंचा हात खाटेवरून खाली लोंबत होता. तिनं तो उचलून वर ठेवला. हात थंडगार होता. मग ती डॉक्टरीणबाईंच्या मागं गेली.

"मॅडम, दुधीचा रस पिल्यात त्या. लई कडू व्हता."

"तुम्हाला कसं माहीत?"

"म्या चाखला. आन् भांडं धुऊन टाकलं." "प्यायला म्याच सांगितलं व्हतं. फोनवर. समद्यांनाच."

डॉक्टरीणबाई तशाच काकूंच्या खाटेकडं वळल्या. "कडू दुधी विष असतो, बाई. जिभेला कडू लागला की टाकून द्यायचा." त्यांनी लगेच सोलापूरला फोन लावला. काकूंना तिकडं हलवायचं ठरलं. इंद्रजितनं सगळं ऐकलं होतं. शिवगंगा अँब्युलन्सपाशी गेली तेव्हा तो एवढंच म्हणाला, "तुमी नका येऊ."

काकूंच्या पोटात जखमा झाल्या होत्या. त्या वाचल्या, घरी आल्या, पण निम्म्या झाल्यासारख्या दिसत होत्या. शिवगंगा शिव्या खायची तयारी करूनच त्यांच्याकडं गेली.

"माझंच चुकलं गं," काकू म्हणाल्या. "कडू लागला तवा वाटलं, आज खरा गुण येणार. तू एक पेला म्हणली व्हतीस, म्या तांब्याभर पिले."

"न्हाय काकू. तुमचं काय बी चुकलं न्हाय. म्या ते हसायला बोलले व्हते."

"हसायला?"

"माझा रस कदीच कडू नव्हता."

"मला वाटलं, तू बी तसलाच कडू पितीस," काकू हळू आवाजात म्हणाल्या आणि भिंतीकडं कूस वळवली. शिव्या परवडल्या असत्या, असं शिवगंगाला वाटलं.

तिनं तो व्हिडिओ काढून टाकला आणि नवा केला. गुरुलिंग म्हणाला, "आपल्या हातानं आपली बदनामी कशाला?" तिनं ऐकलं नाही. रस, चालणं, भांडं, दवाखाना, सगळं तिनं कॅमेऱ्याकडं बघून सांगितलं. तो फारसा कुणी पाहिला नाही. जुना मात्र कुणीकुणी आधीच उतरवून घेतला होता, कापून, गाणं जोडून आपापल्या पेजवर टाकला होता. तो अजून फिरतोच आहे.

काकू आता तिच्याशी बोलतात, म्हशीबद्दल, पाहुण्यांबद्दल. खाण्यापिण्याचं मात्र काही विचारत नाहीत. इंद्रजित समोर आला की मान खाली घालून जातो.

दुपारी कामं उरकली की शिवगंगा फोन घेऊन बसते आणि तो व्हिडिओ शोधत राहते. जिथं सापडेल तिथं खाली लिहिते, 'ही बाई मीच आहे. मी खोटं बोलले. कडू दुधी पिऊ नका, जीव जातो.' परवा एका पेजवर कुणीतरी तिला उत्तर दिलं, 'ताईंच्या नावानं खोटं पसरवू नका. ताईंमुळं माझं वजन उतरलं.' शिवगंगानं त्या बाईला आपलं नाव, गाव आणि फोन नंबर लिहून पाठवला. बाईचा फोन आला नाही. शिवगंगानं आणखी एकदा लिहिलं.