स्वतःवरच तक्रार करणारे बॅटरीभाऊ

भर दुपारी पेटलेली बॅटरी हातात घेऊन हिंडणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. मे महिन्याचं अमरावतीचं ऊन, रस्त्याचं डांबर पाघळलेलं, आणि हे गृहस्थ उलटलेल्या ट्रकखाली आडवे होऊन झोत टाकतायत. एवढ्या उजेडात बॅटरी कशाला, असं मी विचारलं तर म्हणाले, "मॅडम, उजेड सगळ्यायले दिसते तेवढंच दाखवते." आमच्या विमा कचेरीसाठी ते अपघातातल्या गाड्यांची पाहणी करत. कचेरीत त्यांना सगळे बॅटरीभाऊ म्हणायचे. हे नाव त्यांना माहीत होतं. ते कोणी ठेवलं याबद्दल त्यांचा माझ्यासकट प्रत्येकावर वेगवेगळ्या वेळी संशय होता.

मी चांदूर बाजारकडच्या लहान गावातली. आमच्या घरात कॉलेजात जाऊन पदवी घेतलेली पहिली मी, आणि हे मी कोणी विचारलं नाही तरी सांगते. भाऊंनी तर विचारलंच. मी कामावर रुजू झाले त्या दिवशी माझ्या टेबलासमोर उभे राहून म्हणाले, "बी.कॉम. आहात म्हणते. सर्टिफिकेट पाहू." माझा संताप झाला. दुसऱ्या दिवशी मी ते घेऊन गेले. त्यांनी ते खिडकीशी धरलं, मागून बॅटरी लावली, शिक्का पाहिला आणि परत दिलं. मी म्हटलं, "आता तुमचं दाखवा." "मी मॅट्रिक आहो." "मग मॅट्रिकचं दाखवा." दुसऱ्या दिवशी ते खरंच घेऊन आले. मीही खिडकीशी धरून पाहिलं. तेव्हापासून आमचं जमलं. माझ्यावर विश्वास बसला असं नाही, पण मीही विश्वास ठेवत नाही हे त्यांना आवडलं.

ती वर्षंच तशी होती. पेरलेलं बियाणं उगवत नव्हतं, फवारलेलं औषध लागत नव्हतं, आणि गावोगाव जीपगाड्यांतून माणसं येत, प्रश्न विचारत, फोटो काढत आणि जात. बियाण्याचं पाकीट हातात घेतलं की आमच्याकडचा माणूस आधी ते वाजवून पाही. नवा चेहरा गावात आला की पारावरचं बोलणं थांबे. भाऊ त्या काळातले शहाणेच म्हणायचे, फक्त इतरांपेक्षा चार पावलं पुढे. मोडलेला बंपर, फुटलेला दिवा, चेमटलेलं रेडिएटर, दाव्यात जे जे मंजूर होई ते भाऊ गाडीच्या मालकाकडून काढून घेत आणि स्वतःच्या मारुतीच्या डिक्कीत टाकत. का, तर तोच तुकडा दुसऱ्या दाव्यात पुन्हा दाखवू नये. हे भंगार कचेरीत जमा करायचं असे, पण कचेरीच्या कोठीवरही त्यांचा विश्वास नव्हता. त्यामुळे ती पांढरी गाडी कायम मागून बसकण मारल्यासारखी चाले.

"खरं असलं तर चार जण चार प्रकारे सांगतात," असं त्यांचं म्हणणं. "एकसारखं आलं की समजा, पढवलेलं आहे." अकोट रस्त्यावरच्या एका गावात ट्रॅक्टर नाल्यात गेला होता. चौघांचं बयाण शब्दाला शब्द सारखं. भाऊ म्हणाले, खोटं आहे. तरी नाल्यात उतरले, काठाची माती पाहिली, तुटलेली बाभूळ पाहिली आणि दावा मंजूर करून आले. माझ्या टेबलावर कागद ठेवून म्हणाले, "खरंच गेलता ट्रॅक्टर. खरं सांगून कोणी मानत नाही म्हणून पाठ केलतं त्यायनं." पण दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच भाऊ, तीच बॅटरी.

ज्याच्यावर त्यांनी कधी झोत टाकला नाही असा माणूस एकच, परतवाड्याचे हबीबचाचा. चाचांचं घर अचलपूरला, गॅरेज परतवाड्याला बसस्टँडच्या मागे. भाऊंची मारुती त्यांच्याशिवाय कोणाच्या हाताखाली गेली नाही. अमरावतीत गल्लोगल्ली मिस्त्री असताना भाऊ गाडी घेऊन तिकडे जात, किल्ली चाचांच्या हातात देत आणि समोरच्या हॉटेलात जाऊन झोपत. हो, बाकड्यावर झोपत. मी एकदा सोबत होते, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय. मी चाचांना म्हटलं, हे इथं झोपतात आणि कचेरीत डोळा मिटत नाहीत. चाचा म्हणाले, "मॅडम, आदमी को कहीं तो सोना पडता." 

मग ती शर्यत आली. नागपूरकडच्या एका हौशी क्लबनं नांदगाव पेठच्या औद्योगिक वसाहतीत मोटारींची शर्यत ठेवली. तिथले रस्ते तयार होते, प्लॉट बरेच मोकळे होते. एका रविवारी परवानगी काढून रस्ते बंद करायचे आणि त्याच वळणावळणांच्या रस्त्यांवर फेऱ्या मारायच्या. लहान गाड्यांचा गट वेगळा. अट एकच, गाडी कंपनीतून आली तशी पाहिजे, इंजिनाला हात लावलेला चालणार नाही. भाऊंनी नाव दिलं. कचेरीत सगळे हसले. घरी वहिनी म्हणाल्या, "पन्नाशी उलटली, अन् आता पोट्ट्यायसंगं गाड्या पळवून राहिले." भाऊ गंभीरपणे म्हणाले, "पळवून नाही राहिलो, तपासून राहिलो. दाव्यात जो तो लिहिते, वळणावर गाडी हातातून गेली. जाते म्हणजे कशी जाते, मले एकदा पाहू दे."

शर्यतीआधी गाडी आठवडाभर चाचांकडे होती. आदल्या दिवशी भाऊ ती आणायला गेले तर चाचांनी कपड्यानं काच पुसत नुसतं सांगितलं, "सर्विसिंग किया, और क्या. अब भागेगी." भाऊंनी जास्त विचारलं नाही, काही उघडूनही पाहिलं नाही.

शर्यतीच्या सकाळी आम्ही सगळे गेलो. वहिनी, मी, आणि परतवाड्याहून पेढ्यांचा डबा घेऊन आलेले चाचा. भाऊ आमच्या आधी येऊन सगळा रस्ता पायी फिरून आले होते, अर्थातच बॅटरी घेऊन. पलीकडच्या वळणाला बाहेरच्या कडेनं बारीक गिट्टी पसरली आहे, असं त्यांनी क्लबच्या पोरांना सांगितलं. पोरं म्हणाली, "काका, झाडून घेतलंय." भाऊ माझ्या कानाशी म्हणाले, "झाडलं म्हणतात, म्हणजे झाडलं नाही."

मी त्याच वळणावर वाळूच्या पोत्यांमागे उभी राहिले. शेजारच्या शेतात कापूस वेचणाऱ्या बाया ओटीतला कापूस धरून धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, येऊन उभ्या होत्या. निशाण पडलं. पुढे काय झालं ते थोडं मी पाहिलं, थोडं नंतर भाऊंनी सांगितलं. ते म्हणत, हेल्मेटात आपलाच श्वास ऐकू येते, अन् तोही दुसऱ्याचाच वाटते. पहिल्याच फेरीत गिट्टीवरून दोन गाड्या सरकत पोत्यांवर येऊन टेकल्या. कोणाला लागलं नाही. भाऊ आतली कड धरून बैलगाडी काढावी तसे निघून गेले. पुढे एक लाल गाडी होती, चालवणारा नागपूरचा तरणा पोरगा. वळण आलं की त्याचा ब्रेकचा दिवा लागे आणि मागचे घाबरून पाय उचलत. "पण गाडीचं तोंड खाली दबत नव्हतं," भाऊ सांगत. "म्हणजे ब्रेक मारला नाही. पाय नुसता टेकवून राहिला, आमाले भेव घालायले." भाऊंनी पाय उचललाच नाही. शेवटच्या फेरीत ते त्या लाल गाडीच्या बाजूनं असे निघाले की धुऱ्यावरच्या एका बाईनं ओटी सोडून टाळ्या वाजवल्या आणि सगळा कापूस खाली सांडला.

भाऊ पहिले आले. वहिनींच्या डोळ्यांत पाणी होतं. चाचांनी डब्याचं झाकण उघडलं. आणि हेल्मेट काढून उतरलेल्या भाऊंचा चेहरा पाहून मला कळलं की काहीतरी बिघडलं. हा चेहरा मी ट्रकखालून निघताना पाहिलेला होता.

"मॅडम," ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "ही गाडी अशी पळत नसते. शेवटच्या वळणातून मागून कोणी ढकलल्यावाणी निघाली. मी अठरा वर्षांपासून तिला चालवतो. काहीतरी केलं आहे."

मी म्हटलं, "भाऊ, तुम्ही जिंकले. पेढा खा."

त्यांनी पेढा खाल्ला नाही. सरळ पंचांच्या टेबलाशी गेले आणि तक्रार आहे म्हणाले. टेबलावरच्या माणसानं विचारलं, कोणत्या गाडीवर? भाऊंनी स्वतःच्या गाडीचा नंबर सांगितला. "काका, तक्रार दुसऱ्याच्या गाडीवर करतात." "आपल्या गाडीवर करू नये असं कुठं लिहिलं आहे, दाखवा." ते कुठंही लिहिलेलं नव्हतं.

चाचा जवळ आले. डबा तसाच हातात. "भाऊ, मले विचारलं असतं."

"विचारलं तर कोणी खरं सांगते काय," भाऊ म्हणाले. 

हे वाक्य त्यांनी आयुष्यभर लोकांना ऐकवलं होतं. ते बोलताना चाचांकडे पाहिलंसुद्धा नाही. क्लबच्या मिस्त्रीनं तिथंच सावलीत इंजिन उघडलं, मापं घेतली, पुन्हा घेतली. सगळं कंपनीचं होतं. तो हात पुसत म्हणाला, "काका, काहीच केलेलं नाही. तुम्ही चांगली चालवली, बस." भाऊंनी त्यालाच इंजिन पुन्हा जोडायला सांगितलं, मग मागे वळले. पेढ्यांचा डबा वहिनींच्या मांडीवर होता आणि चाचा हायवेकडे चालत निघाले होते. भाऊंनी हाक मारली नाही. क्लबचा मिस्त्री इंजिन जोडत होता, ते पाहत उभे राहिले.

कप त्यांनी घरी नेला नाही. कचेरीच्या कपाटावर ठेवला, तिथं त्यात टाचण्या जमल्या. परतवाड्याकडचं काम निघालं की ते दुसऱ्या सर्व्हेअरला पाठवत. मारुती चालत होती, पण ते एसटीनं येऊ लागले. मी विचारलं तर म्हणाले, "तो आवाज बरोबर नाही तिचा." आवाज अगदी बरोबर होता.

दिवाळीनंतर मीच एका दाव्यासाठी परतवाड्याला गेले आणि चाचांकडे डोकावले. त्यांनी खुर्ची पुसून दिली, चहा सांगितला. मी विचारलं, खरं सांगा, गाडीला काय केलं होतं? चाचा हसले. "डिक्की खाली कराई. दो मन लोहा लेके घूमता था आदमी. मैं बोला, भागेगी. इतनाच." मी म्हटलं, चाचा, त्यांचा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. राग सोडा. त्यांनी हातातला पाना पुसून ठेवला. मग म्हणाले, "इंजन खोला उसका गुस्सा नहीं, मॅडम. उनका कामच खोलने का है. लेकिन बंद करने को दूसरे को दिया. मैं उधरच खडा था."

अमरावतीला आल्यावर मी हे भाऊंना जसंच्या तसं सांगितलं. ते म्हणाले, "असंच बोलला? शब्द बदलले नाही न तुमी?" मी म्हटलं, "बी.कॉम. आहे मी, शब्द बदलत नाही."

पुढच्या रविवारी वहिनींचा फोन. "मॅडम, जरा येता काय? यायनं अंगणात गाडी खोलून ठेवली." मी गेले. पोत्यांवर इंजिनाचे तुकडे पसरलेले, घमेल्यात रॉकेल, आणि भाऊंचे हात कोपरापर्यंत काळे. आयुष्यभर मोडलेल्या गाड्या पाहिल्या, पण जोडायला ते कधी शिकले नव्हते. मी विचारलं, "आता हे बसवणार कोण?" ते घमेल्यात पाहत म्हणाले, "परतवाड्याच्या जीपवाल्याजवळ निरोप धाडला. म्हटलं, सांगजो, भाऊचं इंजन खुलं पडलं आहे." 

चाचा त्या दिवशी आले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत. भाऊ रोज संध्याकाळी त्या तुकड्यांवर जुनी चादर टाकत, सकाळी काढत. "येत नाही तो," असं मला म्हणत, आणि फाटकाची कडी काही लावत नसत. शुक्रवार गेला, आणि शनिवारी मी तिथं असतानाच चाचा आले. अवजारांची पिशवी खांद्यावर. चादर बाजूला केली, एकेक तुकडा पाहिला. "किसने खोला?" "म्याच." "दिसून राहिलं," चाचा म्हणाले, आणि उकिडवे बसले.

दुपारपर्यंत काम चाललं. मग चाचांचा हात थांबला. एका व्हॉल्व्हचं लॉक सापडत नव्हतं. नखाएवढी वस्तू, पण तिच्याशिवाय पुढचं काम अडलेलं. पोती झटकली, घमेल्यातलं रॉकेल गाळलं. भाऊ उठून उभे राहिले. त्यांची नजर आधी शेजाऱ्यांच्या भिंतीकडे गेली, मग वहिनींकडे, मग माझ्याकडे, मग चाचांच्या उघड्या पिशवीकडे. ती नजर मला पाठ होती. वहिनींनी पदर तोंडाशी नेला. मी मनात म्हटलं, आता हे बोलणार आणि सगळं पुन्हा संपणार.

भाऊ गुडघ्यांवर बसले. "माह्याकडूनच हरवलं असन," ते म्हणाले.

चाचांनी मान वर केली नाही. "मग शोधा न. पाहून काय राहिले?"

भाऊ अंगणातली माती मुठीमुठीनं चाळायला लागले. मी मदतीला वाकले तेव्हा चाचांच्या पिशवीतल्या पत्र्याच्या डबीत मला तशीच लॉकं दिसली, एक नाही, बरीच. मी बोट दाखवलं. चाचांनी डबीचं झाकण अंगठ्यानं हळूच लोटलं.

"रहने दो, मॅडम," ते अगदी खालच्या आवाजात म्हणाले. "थोडा ढूंढने दो."